गट सत्तेचाळीसची पाळी

६ जानेवारी २०२५, सोमवार. चोपडा

नोकरीचा पहिला दिवस. बस पाऊण तास, पुढे अर्धा किलोमीटर पायी, दोन्ही बाजूंना केळी. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. उपसा सिंचन संस्था. तापीचं पाणी पंपाने उचलून टाकीत, टाकीतून तीन लाइनींनी दोनशे दहा शेतकऱ्यांच्या शेतांत. दर पाच दिवसांनी प्रत्येकाची चार तासांची पाळी, एकदा दिवसा आली की पुढची रात्री. कोणाची कधी, ते ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम सांगतो.

मला तो फार आवडला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. ना चित्र, ना बटण. गट नंबर टाइप करून एंटर दाबलं की एक ओळ उमटते: तारीख आणि वेळ. बस. याच गावचे रुपचंद सर, धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे, त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिला. सर आता नाहीत, आणि प्रोग्रामचा मूळ कोडही कुठे सापडत नाही. फक्त चालणारा प्रोग्राम तेवढा उरलाय.

तो चालवतात सेक्रेटरी गिरधर नाना. फोन येतो, समोरचा गट नंबर सांगतो, नाना दोन बोटांनी टाइप करतात आणि वाचून दाखवतात. लगेच नाही मात्र. ओळ आली की चष्मा कपाळावर सरकवतात, खिडकीबाहेर केळीकडे बघतात, मग बोलतात. वयामुळे वाचायला वेळ लागत असावा. एकदा तर चक्क चुकले. ४७ टाकलं, पडद्यावर आलं 01:00, आणि नाना फोनवर म्हणाले, "बुधवारी, दुपारी एक वाजता." चोवीस तासांचं घड्याळ त्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही. पहिल्याच दिवशी कसं सांगू, म्हणून गप्प बसले.

मार्चअखेर नाना मुलाकडे सुरतला कायमचे जाणार. तोवर पाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसली पाहिजे, हे माझं काम.

हे काम मी पगारासाठी घेतलेलं नाही (पगार तसाही फार नाही). मी सातवीत असताना सोनगीरहून पप्पांबरोबर एका दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. पप्पा पितळेची भांडी घडवतात, त्यांना वाचता येत नाही. कारकून कागद बघायचा आणि म्हणायचा, आज नाही. तिसऱ्या खेपेला मी टेबलावरचा कागद उलटा वाचला. दाखला पहिल्या दिवसापासून तयार होता. तेव्हाच ठरवलं होतं, माहिती आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा माणूस नको.

९ जानेवारी, गुरुवार

आज इतका आनंद झाला की बसमध्ये एकटीच हसत होते.

मला वाटत होतं सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल. पाळीचं गणित रुपचंद सरांनी कसं मांडलं ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणजे चुकण्याची खात्रीच. पण त्या प्रोग्रामला हात लावायची गरजच नाही! त्याला दोनच गोष्टी कळतात, एक ओळ आत घेणे आणि एक ओळ बाहेर सोडणे. कीबोर्डवरून येते की आणखी कुठून, त्याला काय त्याचं? मग मध्ये एक छोटा दुवा ठेवायचा. मोबाइलवर पान उघडलं की तो मोबाइल आणि आपला कॉम्प्युटर यांच्यात एक तार जोडली जाते, वेबसॉकेट. साधं पान एकदा उत्तर देऊन फोन ठेवतं. इथे फोन चालूच राहतो आणि दोन्ही बाजूंना कधीही बोलता येतं. मोबाइलवरून आलेली ओळ दुवा प्रोग्रामला देतो, प्रोग्रामने छापलेली ओळ मोबाइलला पाठवतो. काळ्या पडद्यावर एकट्याशी बोलणारा प्रोग्राम एका झटक्यात गावाशी बोलू लागणार, आणि त्याला पत्ताही नाही.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू मनी खुर्ची तारले बांधी राह्यनी."

मी म्हटलं, "हो नाना, तुम्हाला आराम."

१० जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी सभासदांची बैठक होती. चार बायका आल्या होत्या, त्यांतल्या कुंदाअक्का, गट ४७. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. शेत त्याच बघतात. मोबाइलचं मी सांगत होते तेव्हा सगळ्यांत चांगले प्रश्न त्यांनीच विचारले. पण सहा वाजून बाहेर अंधारू लागलं तशा बैठक अर्धी टाकून उठल्या आणि घाईत दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या जारला धडकल्या. बायकांना घरच्या कामापुढे बैठक कधी पुरती लाभत नाही. वाईट वाटलं.

१३ जानेवारी, सोमवार

चालत नाही. तार जोडली जाते, नंबर जातो, आणि मग काहीच नाही. शांतता. तोच प्रोग्राम काळ्या पडद्यावर क्षणात उत्तर देतो आणि मोबाइलला जोडला की मुका होतो. मात्र मी तो बंद केला की मरता मरता सगळी उत्तरं एकदम ओकतो. दिवसभर तीळगुळाचे लाडू खात बसले आणि काहीच समजलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

समजलं! आणि नानांमुळे!

मी वैतागून म्हणाले, नाना, हा आत बोलतो पण बाहेर येऊ देत नाही. नाना म्हणाले, "चेंबर पाह्यं का लाइनवरलं? जवलोंग चेंबर भरस नही, तवलोंग पानी पुढे जास नही."

अगदी तेच. समोर पडदा असेल तर प्रोग्राम ओळ झाली की लगेच सोडतो, कारण समोर माणूस वाट बघतोय हे त्याला कळतं. पण समोर दुसरं यंत्र असेल तर तो ओळी आत साठवतो आणि साठवण भरली की मगच एकदम सोडतो, तेवढीच मेहनत वाचते. आमची एक ओळ म्हणजे चेंबरच्या तळाशी घोटभर पाणी. ते कधी भरणार?

मूळ कोड नाही, त्यामुळे आतून दुरुस्ती शक्य नव्हती. शेवटी फसवलं त्याला. दुव्याच्या आधी एक खोटा पडदा लावला. आता त्याला वाटतं समोर माणूस बसलाय, आणि तो लगेच बोलतो.

समोर कोण आहे ते बघून बोलण्याची पद्धत बदलणारं यंत्र! मला हे फार गमतीचं वाटलं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "त्यामा काय नवल?"

२२ जानेवारी, बुधवार

प्रत्येक मोबाइलसाठी दुवा प्रोग्रामची एक वेगळी प्रत सुरू करतो. वीस मोबाइल, वीस प्रती. कोणालाच दुसरीची खबर नाही. जुन्या कॉम्प्युटरची धाप लागेल असं वाटलं होतं, पण प्रोग्राम इतका लहान आहे की साठ प्रती मजेत चालल्या.

दिवेलागणीला बसची वाट बघताना कुंदाअक्का भेटल्या. अगदी समोर उभी राहून हसले, तर म्हणाल्या, "कोन शे?" एवढ्या वेळा भेटून ओळख नाही, जरा लागलंच. आवाज ऐकल्यावर मात्र, "अरे पुनम, तू शे का!" आणि गावापर्यंत माझ्याबरोबर आल्या, सगळा रस्ता माझ्या खांद्यावर हात ठेवून. अंधार पडला तसा हात आणखी घट्ट झाला. माझी बस चुकली, पण इतकं मायेने इथे कोणी वागलं नव्हतं.

३० जानेवारी, गुरुवार

ऑफिस बंद. गट ३१ चे तोताराम आबा वारले. नाना अंत्यविधीहून आले आणि बराच वेळ कॉम्प्युटरसमोर बसून राहिले, काहीही टाइप न करता. नंतर म्हणाले, पान सुरू करायचं थोडं पुढं ढकलता येईल का? मी म्हटलं, नाना, तारीख जाहीर झालीय. ते "बरं" म्हणाले.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुरू झालं!! दुपारपर्यंत एकशे चार मोबाइल. प्रत्येक तार जोडली की माझ्या पडद्यावर एक ओळ सरकते. एक म्हातारबाबा ऑफिसच्या पायरीवर बसून आपला नंबर पुन्हा पुन्हा टाकत होते आणि दर वेळी तेच उत्तर आलं की मान हलवत होते, खोटं बोलत नाही ना याची परीक्षा.

ऑफिसचा फोन दिवसभरात दोनदाच वाजला. नानांनी तीन वेळा चहा मागवला.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल लाइन दोनवर रात्री एकचं पाणी कोणीच घेतलं नाही, पुढे वाहून गेलं. पाळी होती गट ४७ ची. कुंदाअक्कांनी पान उघडून बघितलेलं माझ्याकडे दिसतं, म्हणजे माहिती पोचली होती. मग का गेल्या नाहीत? नाना म्हणाले, "तू तुनं काम बरोबर करेल शे," आणि फाइल चाळत बसले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस वाईट.

तोताराम आबांचं तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा प्रेमराज पहिल्यांदाच पाळी बघायला बसला. सतरा तारखेची पाळी, दुपारी एक. तो मोबाइल हातात धरूनच ऑफिसात आला. मला म्हणाला, "ताई, मागल्या तारखा दखाड." मी गट नंबरापुढे मागच्या तारखा टाकत गेले. एक दिवसाची, एक रात्रीची, एक दिवसाची. नियमाप्रमाणे.

तो नानांकडे वळला. "सहा वरीस! सहा वरीसमा आमले एक बी दिवसनी पाळी नही. आबा दर खेपले रातले जाये. आम्ही म्हनूत, आबा, यंत्रमाच तशी शे का? तर म्हने, माले रातले झोपच येस नही, मग जास तठे. आन इठे तर यंत्र दिवसनी दखाडस! मना बापले फसाडं तुम्हीन, नाना. कोनले दिन्ही आमनी दिवसनी पाळी?"

बाहेर दहाबारा माणसं जमली होती. एकाने टोमणा मारला, "म्हनीसन नाना सुरतले पळी राह्यनात." सगळे हसले.

नाना नुसता चष्मा पुसत राहिले. म्हणजे खरं होतं. ६ जानेवारीचं "दुपारी एक" मला आठवलं. ती चूक नव्हती. मी इतके दिवस ज्यांच्याकडून शिकत होते, तो माणूस त्या कचेरीतल्या कारकुनासारखाच निघाला. बसमध्ये रडू आलं. पण यंत्राने खरं बाहेर काढलं, हेच तर मला हवं होतं ना?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्रीही गट ४७ कोरडा गेला.

चोरी कोणासाठी केली ते शोधायला आज ३१ आणि लाइन दोनवरच्या इतरांच्या तारखा शेजारी शेजारी छापल्या. ४७ शी तंतोतंत जुळलं. एकच तारीख, बारा तासांचं अंतर. ३१ ला दिवस तेव्हा ४७ ला रात्र. म्हणजे आबा दर वेळी रात्री गेले आणि कुंदाअक्कांना दर वेळी दिवस मिळाला. पण कुंदाअक्का ना सरपंचाच्या नात्यातल्या, ना नानांच्या. त्यांच्याकडून नानांना काय मिळणार?

कागद नानांपुढे ठेवला. "नाना, हे काय आहे?"

"तोतारामना शब्द."

"मग परवा सगळ्यांसमोर का नाही सांगितलं?"

"सांगतू तर लोक इचारतीन, कसाले?"

"मग मीही विचारते. कशाला?"

नानांनी चष्मा वर केला, बाहेर बघितलं. "तोतारामनी इचारं नही, मी सांगं नही. सहा वरीस चालनं."

एवढंच. मला राग आला आणि राग कोणावर धरायचा ते कळेना.

१ मार्च, शनिवार

कुंदाअक्कांच्या शेतात गेले. ऑक्टोबरात लावलेली केळी, आत्ताशी कंबरेएवढी. शेजारच्या प्रेमराजच्या बागेतली पानं छत्रीसारखी उघडी, आणि यांच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून चुरगळलेल्या. ऊन तापायला लागलंय. यांना आता पाचाऐवजी दहा दिवसांनी पाणी मिळतं. असंच चाललं तर घड धरेपर्यंत बाग टिकायची नाही, हे मलाही दिसत होतं.

म्हटलं, "अक्का, रात्री भीती वाटते का? मी येते सोबत. बॅटरी आणते मोठी."

त्या हसल्या. "बॅटरीनं काय व्हयी, माय." आणि विषय बदलला. एवढी हुशार बाई, पण एखाद्या गोष्टीवर अडली की अडली.

२ मार्च, रविवार. सोनगीर

घरी. पप्पांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्हाला तो कारकून आठवतो ना, म्हणून मी हे करते. पप्पा परातीवर ठोके देत होते. म्हणाले, "आठवतो. पण दाखला कोनी दिन्हा व्हता ते इसरनी तू. तठला शिपाई उठना, साहेबना टेबलवरथीन कागद उचला आन मना हातमा दिन्हा. त्याले कोनी सांगेल नव्हतं."

खरंच विसरले होते.

६ मार्च, गुरुवार

नवीन विचार. वेबसॉकेटची तार दोन्ही बाजूंनी बोलते आणि मी मात्र तिचा वापर जुन्या फोनसारखाच केला. विचारा, उत्तर घ्या. शिवाय प्रत्येकाची प्रत वेगळी, त्यामुळे शेतकरी यंत्राशी बोलतो, पण शेतकरी शेतकऱ्याशी बोलू शकत नाही. ती जागा नाना होते. मी जागा काढून टाकली आणि तिथे काहीच ठेवलं नाही.

आता एक छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहितेय. रुपचंद सरांसारखाच, एक ओळ आत, एक ओळ बाहेर. फरक इतकाच की तो एकच आहे आणि लाइन दोनचे सगळे मोबाइल त्याला जोडलेले. "बदल ४७" अशी ओळ आली की तो सगळ्यांना विचारेल. कोणी हो म्हटलं की पाळ्यांची अदलाबदल, उघड, सर्वांसमोर. कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको म्हणून "कारण" लिहिणं सक्तीचं ठेवलंय.

आज प्रेमराजभाऊंनाही तो तारखांचा कागद नेऊन दिला. कारण काही सांगितलं नाही, ते मला माहीतच नाही. एवढंच सांगितलं, की कोणी फसवलं नव्हतं, तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता. त्यांनी कागदावर ३१ आणि ४७ च्या तारखांवरून बोट फिरवलं. मग घडी करून खिशात ठेवला. "बरं," म्हणाले. अगदी नानांसारखं.

१२ मार्च, बुधवार

"बदल" सुरू होऊन तीन दिवस. नऊ तारखेची रात्रही कोरडी गेली.

माझ्याकडच्या नोंदीत विचित्र दिसतंय. गट ४७ ची तार जोडली. "बदल ४७" आलं. माझ्या प्रोग्रामने "कारण लिहा" पाठवलं. तार तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तिथेच तुटली. तीन दिवसांत पाच वेळा. पुन्हा साठवण भरत नसेल का? ओळ पोचत नसेल का? दिवसभर तपासलं. ओळ पोचते. सगळं ठीक आहे.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीचा रंग अजून नखांत आहे. दुपारी कुंदाअक्कांकडे गेले आणि म्हटलं, दाखवा बरं, कुठे अडतं.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "अडस कोठे? माय, तुनं यंत्र गह्यरं इचारस."

यंत्र फार विचारतं म्हणे! मी हसले. त्या हसल्या नाहीत. पडद्यावर "कारण लिहा" होतं, आणि खाली रिकामी चौकट. मग त्यांनी मोबाइल परत घेतला आणि पदराने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये नानांचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. तोतारामनी इचारं नही. माझ्या बाजूला सगळं ठीक होतं म्हणून मी बिघाड तारेत शोधत होते. तार चांगली होती. चूक माझ्या प्रश्नात होती.

१७ मार्च, सोमवार

कारणाची चौकट काढून टाकली. एकूण चार ओळी खोडल्या. तीन महिन्यांतलं सगळ्यात लहान काम.

सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी गट ४७ ची तार जोडली. "बदल ४७." या खेपेला तुटली नाही. लाइन दोनच्या अडतीस मोबाइलवर ओळ गेली: गट ४७ ला १९ तारखेची रात्रीची पाळी बदलून हवी आहे. कोणी घेईल का?

मग शांतता.

एक मिनिट. तीन. मी घाईने तपासलं. खोटा पडदा जागेवर आहे, साठवण रिकामी आहे, अडतीसही तारा जोडलेल्या आहेत. नाना माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"नाना, पुन्हा मुका झाला की काय."

"थांब ना जरा."

सहा मिनिटं. आठ. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायला बोट नेलं, तर नानांनी माझं मनगट धरलं. तेव्हा लक्षात आलं. या तारेच्या पलीकडे यंत्र नाही. कोणीतरी शेतात उभं राहून मोबाइलकडे बघतंय, आणि लगेच बोलत नाहीये.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी ओळ आली, अडतीसही मोबाइलवर एकदम.

"गट ३१. मी जासू. माले बी रातले झोप येस नही."

मी नानांना म्हटलं, "प्रेमराजभाऊंना पण? केवढा तरणाताठा माणूस!"

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. खिडकीबाहेर केळी हलत होती. "त्या घरमा कोनलेच झोप येस नही, पोरी," म्हणाले, आणि मला दिसू नये म्हणून तोंड तिकडेच ठेवलं.

अक्कांचं कारण मला अजूनही माहीत नाही. नाना एकतीस मार्चला सुरतला जातील, तेव्हाही विचारणार नाही.